निम्म्या रंगाचा दावा

३ तारीख, मंगळवार

आजपासून रोजचे लिहून ठेवायचे ठरवले आहे. डोक्यात नुसते घोळत राहिले की मला काही सुचत नाही. कागदावर उतरले की निदान ते कुठे ठेवले आहे एवढे तरी कळते. मी आठवीनंतर शाळा सोडली, पण माझे अक्षर चांगले आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चुकत नाही. मी रबरी शिक्के आणि नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानात काम करतो, तिथे चुकून चालतच नाही. ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो ते उस्ताद मला ‘वेलांटी’ म्हणतात.

तर ती. ती आमच्या दुकानासमोरच्या चष्म्याच्या दुकानात काचा घासते, फ्रेममध्ये बसवते. वर्षभर आमचे बोलणे आहे. लग्नाचे तिनेच विचारले. मी विचारणारच होतो, फक्त वाक्य जुळत नव्हते. आज दुपारी पायरीवर डबा खाताना ती म्हणाली, “दादाने एक स्थळ आणलंय. स्वतःचा फ्लॅट आहे त्याचा. भिंती पांढऱ्याशुभ्र आहेत म्हणे.”

“पांढऱ्या लवकर मळतात,” मी म्हणालो.

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिले.

“मला फ्लॅट नकोय. तुझी एक खोली पुरे आहे. पण त्या भिंती बघवत नाहीत रे. रस्त्यावरून खिडकीतून दिसतात. तापकऱ्याच्या जिभेसारखा रंग आहे. मालकांना कधी म्हणालास?”

“विषय निघाला नाही.”

“इतक्या वर्षांत?”

“ते दार उघडतात, मी भाडं देतो, ते दार लावतात. मध्ये जागाच नसते.”

तिने डब्याचे झाकण जोरात लावले. “हे बघ. दुकानदाराने सुटे परत दिले नाहीत तर तू मागत नाहीस. तुझ्या जागेवर कुणी बसलं तर तू उभा राहतोस आणि वर त्यालाच विचारतोस, वारा लागतोय ना. उद्या संसारात काही मागायची वेळ आली, तर दरवेळी मीच पुढे व्हायचं का?”

“मी सगळा खर्च स्वतः करतो. कशाला कुणाला...”

“नाही. निम्मा मालकांनी द्यायचा आणि तो तू मागायचा. सगळं मागतो तो भिकारी, काहीच मागत नाही तो घाबरट. निम्मं मागतो तो भागीदार. मला भागीदार हवाय.”

बावीस तारखेला, रविवारी, ती खोली बघायला येणार आहे. दादाला उत्तर त्यानंतर देणार आहे. हे तिने दोनदा सांगितले. मला एकदाच पुरले असते.

५ तारीख, गुरुवार

काल आणि आज मिळून वाक्य तयार केले. “मालक, खोलीला रंग द्यायचा विचार आहे, तरी निम्मा खर्च आपण सोसावा, ही विनंती.” नंतर ‘सोसावा’ या शब्दात दुखणे आहे असे वाटले, म्हणून ‘उचलावा’ केले. ‘तरी’ काढला. मग वाक्य उघडे दिसू लागले, म्हणून परत घातला.

मालकांची सगळी नोकरी कोर्टात कारकुनीत गेली. आता निवृत्त आहेत. ते आणि काकू खाली राहतात, वरची खोली आणि मोरी माझ्याकडे. संध्याकाळी ते व्हरांड्यात खुर्ची टाकून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने बघत बसतात. मी खाली उतरलो.

“काय रे? भाडं तर दिलंस ना?”

“दिलं.”

“मग?”

मी म्हणालो, “तुमच्या दारावर पाटी नाही.”

हे मी का म्हणालो ते मला अजून कळलेले नाही. मालकांचा चेहरा उजळला. “अरे, कधीपासून मनात आहे. तू करतोस ना? पितळी कर, ठसठशीत. काय घेशील?”

“छे, तुमच्याकडून काय घ्यायचं.”

हे तिला सांगणार नाही.

६ तारीख, शुक्रवार

सांगितले.

ती म्हणाली, “मागायला गेलास आणि पाटी कबूल करून आलास? नशीब, भाडं वाढवून आला नाहीस.”

७ तारीख, शनिवार

आज दुकानात एका कचेरीचे काम होते. ‘नामंजूर’चे शिक्के, अनेक खात्यांसाठी. दिवसभर तोच शब्द उलट्या अक्षरांत तपासत होतो. रबर कापताना वाटले, हा शकुन आहे. उस्ताद म्हणाले, “वेलांटी, मंजूरचा शिक्का त्यांच्याकडे आधीपासून असेल, म्हणून हा मागवला. तू कशाला मनाला लावून घेतोस?” पण मंजूरचा त्यांच्याकडे नसेलच तर, हा विचार जाईना.

तरीही संध्याकाळी गेलो.

“मालक, रंग.”

“कसला रंग?”

“खोलीला. द्यायचा.”

एवढे तयार केलेले वाक्य, त्यातले एवढेच बाहेर आले. पण मालक एकदम सरळ बसले. पाय वहाणांत सरकवले, चष्मा डोळ्यांवर चढवला.

“म्हणजे तुझी मागणी आहे.”

“विनंती आहे.”

“विनंती टाळता येते. मागणी असली तर सुनावणी करावी लागते. नीट विचार करून सांग.”

“मग मागणी आहे.”

“थांब, पाणी पिऊन येतो.”

ते आत गेले. बराच वेळ आले नाहीत. आत एक पातेले आपटल्याचा आवाज आला आणि काकू काहीतरी बोलल्या, पण शब्द कळले नाहीत. मग मालक मिशा पुसत बाहेर आले. मिशा कोरड्याच होत्या.

“मंगळवारी सुनावणी ठेवली आहे. वेळेवर ये.”

“नाही म्हणालात तरी चालेल, मालक,” मी म्हणालो.

“आम्ही कुणाला नाही म्हणत नाही. तारीख देतो.”

१० तारीख, मंगळवार

सुनावणी झाली. व्हरांड्यात दोन खुर्च्या होत्या. एकीवर मालक, दुसरीवर त्यांच्या चष्म्याची डबी. मला उभे राहायला सांगितले.

“खोलीत राहायला आलास तेव्हा भिंत होती?”

“होती.”

“भिंतीला रंग होता?”

“होता. आहे तोच. हिरवा.”

“म्हणजे रंग आहे. मग तू काय मागतोस? असलेला की नसलेला?”

“असलेला गेला आहे. पोपडे निघालेत.”

“पोपडे निघाले म्हणून भिंत पडते का?”

“नाही.”

“मग रंग हा शौक झाला. गरज नाही. रंगाशिवाय भिंत उभी राहते.”

“कपड्यांशिवाय माणूसही उभा राहतो, मालक.”

हे तोंडातून निघून गेले. मला वाटले, आता खोलीच खाली करायला सांगतात. पण मालकांनी मांडीवर थाप मारली.

“वा! कुणी शिकवलं हे?”

“कुणी नाही. आलं.”

“पुन्हा म्हण. जरा मोठ्याने. आत ऐकू जाऊ दे.”

मी पुन्हा म्हणालो. आत भांडी घासण्याचा आवाज चालला होता तो थांबला. मालक लगेच पाणी प्यायला गेले. परत आले ते म्हणाले, “शनिवारी स्थळपाहणी. तोपर्यंत आहे तसं राहू दे. एका पोपड्यालाही हात लावायचा नाही.”

एक लिहून ठेवतो. मालक जरा बोलणे झाले की पाणी प्यायला जातात. या वयात इतकी तहान बरी नाही. एकदा साखर तपासून घ्यावी असे त्यांना सुचवले पाहिजे, पण दावा चालू असताना ते बरे दिसणार नाही.

‘निम्मा’ हा शब्द आजही राहून गेला.

१३ तारीख, शुक्रवार

पाटीचा मजकूर घ्यायला खाली गेलो होतो. मालकांनी आधी एकट्याचे स्वतःचे नाव सांगितले, ‘श्री’ लावून. मी लिहून घेत होतो तेवढ्यात काकू दारात आल्या. त्या फारशा बाहेर येत नाहीत, गुडघा दुखतो.

“काय चाललंय?”

“पाटी,” मालक म्हणाले. “दारावरची.”

“कुणाच्या दारावरची?”

मालक चष्मा काढून पुसू लागले. काकू पुढे म्हणाल्या, “माझ्या वडिलांनी एकेक वीट मोजून घेतली होती या घराची. दुपारची झोप नव्हती माणसाला.” आणि आत गेल्या. वडिलांची आठवण झाली असावी.

मालकांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, “असं कर. दोघांची नावं घाल. तिचं वर, माझं खाली.”

“तसं का?”

“तिचं नाव आखूड आहे. आखूड वर असलं की पाटीचा तोल चांगला दिसतो.”

मला हे पटले नाही. आमच्या कामात लांब ओळ वर घेतात. पण गिऱ्हाईक म्हणेल तसे करावे. मालकांना पाटीतले थोडेच कळते असे दिसते.

आता दुसरी गोष्ट. उस्तादांना मी सगळे सांगतो. ते आज म्हणाले, “उद्या पाहणी ना? मग भिंत चांगली आजारी दिसली पाहिजे. नाडी बघायला डॉक्टर आला की धडधाकट माणूससुद्धा कण्हतो. खिडकीखाली ओल आहे म्हणतोस, ती एवढीशी कशाला? जरा पसरव.”

“पण हात लावू नको म्हणालेत.”

“हात कुठे लावायचाय? चहा लाव. ओलीचा रंग आणि चहाचा रंग, सख्खे भाऊ.”

मी बराच विचार केला. हे बरोबर नाही. पण ओल खरोखरच आहे, मी ती नवीन करत नाही, फक्त मोठी करतो आहे. कपभर चहा केला, गाळला, कापसाने लावला. वाळल्यावर दुसरा हात दिला. कडा अशा जुळवल्या की खरी कुठे संपते आणि खोटी कुठे सुरू होते हे मलाही सांगता येईना. स्वतःचे काम आहे म्हणून म्हणत नाही, पण चांगले झाले आहे.

१४ तारीख, शनिवार

चहा बिनसाखरेचा करायला हवा होता.

मालक टॉर्च घेऊन वर आले. दिवसाउजेडी. एकेक भिंत पाहिली, खिळ्यांची भोके पाहिली, छताकडे पाहून “हं” म्हणाले. मग खिडकीशी आले. ओलीपुढे उभे राहिले आणि बराच वेळ हलले नाहीत. मी मनात म्हणालो, आता विरघळतात.

“हे काय आहे?”

“ओल, मालक. पसरत चालली आहे.”

“ओलीला मुंग्या?”

मी पाहिले. खिडकीच्या चौकटीतून एक रांग सरळ भिंतीवर चढली होती आणि माझ्या सगळ्या कडांवरून व्यवस्थित फिरत होती. खरी ओल त्यांनी सोडून दिली होती. खोटी अगदी रेषेवर दाखवत होत्या.

मालकांनी बोट लावले, वास घेतला. मग, मी लिहिले तर कुणाला खरे वाटणार नाही, जिभेला लावले.

“गोड आहे,” ते म्हणाले. “आणि कडक.”

“मी केलं,” मी म्हणालो. “उस्तादांनी सांगितलं, पण मी केलं. कपभर होता. दोन हात दिले.”

“मी अजून आरोपही ठेवला नाही!”

“चुकलं माझं.”

मालक माझ्या खाटेवर बसले. “सगळी हयात कोर्टात गेली. खुनी बघितले, चोर बघितले. इतक्या लवकर कबूल होणारा बघितला नाही. जरा नाही म्हणायचं असतं रे. समोरच्याला काही काम ठेवायचं असतं.” त्यांना वाईट वाटलेले दिसले. मग उठून ताठ उभे राहिले. “पुराव्यात फेरफार. दावा फेटाळण्यात येत आहे.”

पण हे म्हणून झाल्यावर त्यांनी जिन्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. “म्हणजे, तसा विचार आहे.”

ते खाली गेले. थोड्याच वेळात खालून काकू हसताना ऐकू आल्या. मी इथे राहायला आल्यापासून त्यांना इतके हसताना कधी ऐकले नव्हते. नंतर मालक बादली आणि फडके घेऊन पुन्हा वर आले.

“भिंत धुऊन काढ म्हणाली. मुंग्या खाली उतरायला नकोत. आणि पुढच्या वेळी भिंतीला पाजण्याआधी खाली एक कप पाठव म्हणाली.”

“मग दाव्याचं काय?”

“बावीस तारीख,” ते म्हणाले. “नेमकी तीच का, ते मला विचारू नकोस. मला सांगितलं गेलं.”

मलाही कळले नाही. ती येणार तोच दिवस. मी या घरात कुणालाच तिच्याबद्दल बोललेलो नाही. ती मात्र परवा दुपारी रस्त्यात काकूंशी बोलताना दिसली होती. काकूंच्या चष्म्याची दांडी सैल झाली असेल.

१७ तारीख, मंगळवार

दोन दिवस काही लिहिले नाही. मन थाऱ्यावर नव्हते.

आज दुपारी रंगाच्या दुकानात गेलो. बेत असा होता: सगळा रंग आपणच घ्यायचा, आपणच द्यायचा आणि तिला सांगायचे की निम्मे मालकांनी दिले. तिला कळणार कसे? मालक तर रंगकाम झाले की खूशच होतील. कुणाचेच नुकसान नाही. मी याची सगळीकडून तपासणी केली आणि कुठेही चूक सापडली नाही. तरी दुकानाची पायरी चढायला वेळ लागला.

दुकानदार म्हणाला, “कुठला देऊ?”

मी रंगच ठरवलेला नव्हता. त्याने नमुन्यांचे पत्रक हातात दिले. त्यातल्या एकाही रंगाचे नाव सरळ नव्हते. मी पत्रक घेऊन तसाच बाहेर पडलो आणि सरळ तिच्याकडे गेलो. ती एक काच उजेडात धरून बघत होती. मी सगळे सांगितले. चहा, मुंग्या, जीभ, फेटाळण्याचा विचार, आणि हा बेतही.

मुंग्यांपर्यंत ती गंभीर होती. मग तिला काच खाली ठेवावी लागली.

“खोटं बोलायचं ठरवलंस आणि आधी मलाच येऊन सांगितलंस?”

“नंतर सांगण्यापेक्षा आधी बरं.”

“बरं आहे,” ती म्हणाली. डोळे पुसले. “त्या फ्लॅटवाल्याने दादाला तीन गोष्टी सांगितल्या, त्यातल्या दोन खोट्या निघाल्या. जाऊ दे. मला सांग, मालक पाणी प्यायला जातात ते कुठे?”

“आत. स्वयंपाकघरात.”

“आणि तिथे कोण असतं?”

“काकू.”

“माठ कुठे आहे?”

मी आठवून पाहिले. “माठ व्हरांड्यात आहे. खुर्चीच्या शेजारी.”

“हं,” ती म्हणाली आणि पुन्हा काच हातात घेतली. “ते पत्रक माझ्याकडे राहू दे. आणि रविवारी मागणार आहेस ना? ‘निम्मा’ म्हणून?”

“दावा फेटाळला तर?”

“फेटाळू दे. फेटाळला म्हणून मी जाणार नाही. मागितलंच नाहीस तर जाईन.”

हे ऐकून मला जास्तच भीती वाटली. नकार मला चालतो, त्याची सवय आहे.

२१ तारीख, शनिवार

पाटी झाली. अक्षरांत काळे भरून, पुसून, चकाकी आणली. काकूंचे नाव वर. मालकांचे खाली, जरा बारीक. काकूंनी हातात घेऊन पाहिली, पदराने पुसली आणि मालकांकडे दिली. “लावा,” एवढेच म्हणाल्या. मालकांनी लगेच हातोडी आणली.

उद्याचे वाक्य आता असे आहे: “निम्मा खर्च तुम्ही द्यावा.” बाकी सगळे काढले.

२२ तारीख, रविवार

झाले. जसे झाले तसेच लिहितो.

ती आली. पिशवीत पत्रक होते, ते मला दिसले. मला वाटले, आधी वर येऊन खोली बघेल. पण तिने व्हरांड्यात चपला काढल्या, मालकांना नमस्कार केला आणि सरळ आत गेली. जणू घरचीच. काकूंचा आवाज आला, “ये ग, दांडी नीट बसली बरं का.”

मालक आणि मी बाहेर राहिलो. आज मला बसायला खुर्ची मिळाली. चष्म्याची डबी त्यांच्या मांडीवर होती.

“सुनावणी सुरू करायची का?” मी विचारले.

“थांब जरा.”

आतून हसण्याचा आवाज आला. मग कुजबुज. मग पुन्हा हसण्याचा.

“आत काय चाललं असेल?” मालक म्हणाले.

“माहीत नाही.”

“मी पाणी पिऊन येऊ का?”

“या की.”

ते गेले आणि लगेच परत आले. “नको म्हणाली.”

“पाणी?”

“मला नको म्हणाली.”

आम्ही बसून राहिलो. मालकांनी माठातले पाणी ओतून घेतले आणि प्यायले, अर्धे मला दिले. मला पहिल्यांदाच वाटले, या माणसाला खरोखर तहान नसावी. दुसरेच काही दुखणे असावे.

मग त्या दोघी बाहेर आल्या. काकू दाराला टेकून उभ्या राहिल्या. ती माझ्याकडे बघत होती, हाताची घडी घालून.

“बोल,” ती म्हणाली.

मी मालकांकडे वळलो. मालक छताकडे बघू लागले. मी तोंड उघडले. तिने मान हलवली, अगदी थोडी, काकूंच्या दिशेने. मला वाटले, मोठ्यांच्या मानाने आधी काकूंशी बोलावे असे तिला सुचवायचे आहे. तिला रीतभात चांगली कळते. मी काकूंकडे तोंड केले.

“काकू, वरच्या खोलीला रंग द्यायचाय. जुना पुसट झालाय, पोपडे निघालेत. चहा मी लावला होता, तो धुतला. ओल खरी आहे, थोडी आहे. रंगाचा निम्मा खर्च तुम्ही द्यावा.”

आवाज मध्येच फाटला. पण ‘निम्मा’ म्हणालो. स्वच्छ म्हणालो.

काकूंनी चष्मा सारखा केला. “मग एवढे दिवस कुणाकडे मागत होतास?”

“मालकांकडे.”

काकूंनी मालकांकडे पाहिले. मालक छतावरून खाली आले नाहीत.

“देईन,” काकू म्हणाल्या. “त्यात काय एवढं? सरळ मागितलंस. पण निम्मा खर्च म्हणजे सामानाचा. रंगारी नाही बोलवायचा. हे बसलेले असतात दिवसभर कुणाचे तरी खटले चालवत. यांना शिडीवर चढव.”

“माझा तोल...” मालक म्हणाले.

“तोल तुमचा चांगला आहे. पाटीचा सांभाळलात ना?”

रंगही ठरला होता. मोतिया. पत्रकावर त्याच्यापुढे आधीच खूण होती, चष्म्याच्या दुकानातल्या पेन्सिलीने.

मला वाटते, मालकांनीच त्या सुनावण्यांच्या काळात आतून काकूंचे मन वळवत आणले असावे. त्याशिवाय एका शब्दात होकार येत नाही. जाताना मी त्यांचे आभार मानले. ते म्हणाले, “मी काय केलं? मी फक्त तारखा दिल्या.” माणूस मोठा आहे.

तिने मात्र काही उत्तर दिले नाही. चपला घालताना नुसते म्हणाली, “मागितलंस.” आणि गेली. खोली बघायची तशीच राहिली. दादाला काय सांगणार आहे, हे मी विचारायला हवे होते.

२६ तारीख, गुरुवार

भिंती खरवडून झाल्या. लोखंडी पत्रीने पोपडे काढले, भोकांत पुट्टी भरली, पॉलिश पेपर मारला. मालक रोज वर येतात. काम निम्मे करतात, पण बोलतात पूर्ण. आज खिळ्यांच्या एकेका भोकाची सुनावणी घेतली. “हे कुणाचं? हे कशासाठी? इथे काय टांगलं होतं?” मी सगळी कबूल केली. ते वैतागले. “एक तरी नाकारून बघ ना.” एका भोकाबद्दल नाकारले. त्यांना फार बरे वाटले. अर्धा तास उलटतपासणी केली आणि शेवटी मला निर्दोष सोडले.

तिचे अजून काही नाही. दुपारी डबा खाते, इकडचे-तिकडचे बोलते. दादाचा विषय काढला तर लोणी लावल्यासारखी निसटते. मी दोनदा विचारायला गेलो आणि दोनदा तिने “रंग वाळला का?” असे विचारले. प्रायमरच आहे, असे सांगितले.

२९ तारीख, रविवार

आज रंगाचा पहिला हात झाला, दुपारपासून दुसरा सुरू. मालक शिडीवर, मी खाली. खोली ओळखू येत नाही. उजेड पूर्वी खिडकीपाशीच थांबायचा, तो आता आत येतो.

ती आणि काकू दुपारी वर आल्या. काकू गुडघा धरून एकेक पायरी चढल्या, पण आल्या. दोघी मधोमध उभ्या राहिल्या आणि आम्हाला कुठे राहिले, कुठे ओघळले ते दाखवू लागल्या. मालक म्हणाले, “इथून सगळं नीट दिसतंय.” काकू म्हणाल्या, “तुम्हाला तिथून दिसत नाही, म्हणून तर आम्ही आलो.”

मग तिने पिशवीतून मोजायची फीत काढली. दाराच्या डाव्या हाताची भिंत मोजली, एकदा लांबीला, एकदा उंचीला. काकूंनी फितीचे दुसरे टोक धरले होते.

“बसतंय,” ती म्हणाली.

“बसणारच,” काकू म्हणाल्या. “दार उघडायला जागा राहते ना?”

“राहते. एक हात सोडून.” मग ती माझ्याकडे वळली. “इथे दुसरा हात देऊ नकोस. कपाटामागे जाणार आहे. कुणाला दिसत नाही. रंग वाचेल.”

“कुठलं कपाट?” मी विचारले.

शिडीवर मालकांना हसू आले आणि ब्रश खाली पडला. काकूंनी फीत सोडली, ती सर्रकन गुंडाळत तिच्या हातात गेली. तिच्या नाकावर रंगाचा ठिपका होता तो ती पुसायला गेली आणि गालभर पसरवला. “दादा टेम्पो बघतोय,” एवढेच म्हणाली, आणि दोघी खाली गेल्या.

मालक शिडीवरून माझ्याकडे बघत होते. “काही कळलं?”

“कपाटाचं नाही कळलं.”

“चालेल,” ते म्हणाले. “हळूहळू कळतं. ब्रश दे वर.”

त्या भिंतीलाही मी दुसरा हात दिला. दिसत नाही म्हणून अर्धे सोडायचे हे मला जमत नाही. सगळे वाळत आले आहे. पण हे मनातून जात नाही: माझ्याकडे कपाट नाही. कपडे खाटेखालच्या पेटीत असतात, तिने पाहिले आहे. तिच्या दादाला टेम्पो कशाला हवा आहे तेही समजत नाही. उद्या डब्याच्या वेळी तिला स्पष्ट सांगितले पाहिजे की कपाट कुणाचे तरी दुसऱ्याचे असणार. उगाच गैरसमज नको.